सान इग्नासिओच्या खाडीतले देवमासे: चेंदणी कोळीवाड्यातून गेलेल्या पाच जणांचा अनुभव

आधी निकाल सांगते. मुलगा-सून किंवा लेक-जावई कॅलिफोर्नियात असतील आणि हिवाळ्यात तुम्ही त्यांच्याकडे राहायला जाणार असाल, तर फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चची सुरुवात मोकळी ठेवा आणि मेक्सिकोतल्या सान इग्नासिओच्या खाडीत करडे देवमासे (ग्रे व्हेल) बघायला जा. सफर विकणाऱ्या कंपनीला मी पाचपैकी दोन गुण देईन. खाडीवर ज्या मच्छीमारांच्या तळावर आम्ही राहिलो त्यांना पाचपैकी पाच.

आम्ही पाच जण होतो. मी, दादूस, वहिनी, माझा मुलगा आणि सून. मुलगा सॅन डिएगोत नोकरीला आहे. दादूस आणि मी चेंदणी कोळीवाड्यात वाढलो. मी पस्तीस वर्षं बँकेत काढली, पण दादूस आमच्या वडिलांबरोबर ठाण्याच्या खाडीत होडी घालायचा. जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त यायला लागलं तेव्हा त्यानं होडी विकली. तेव्हापासून तो खाडीकडे फारसा फिरकत नव्हता. त्याला घेऊन जायचं हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

सॅन डिएगोहून हद्द ओलांडली की तिहुआना, आणि तिथून एकच रस्ता सरळ खाली दक्षिणेला जातो. सान इग्नासिओ गावापर्यंत साधारण साडेआठशे किलोमीटर. पहिली रात्र वाटेत सान किंतीनला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून नुसतं वाळवंट: दुमजली घराएवढे उंच निवडुंग, मधेच खडकांचे ढीग, तासन्‌तास एक घर नाही. 28 व्या अक्षांशावर राज्याची हद्द लागते आणि घड्याळ एक तास पुढे करावं लागतं. सान इग्नासिओ गाव मात्र एकदम हिरवं. झऱ्याचं पाणी, हजारो खजुराची झाडं आणि काळ्या ज्वालामुखी दगडाचं 1786 साली पूर्ण झालेलं चर्च. खजूर तिथलाच घ्या, गोड आणि मऊ आहे. गावापासून खाडीपर्यंत आणखी पन्नास-साठ किलोमीटर, त्यातला शेवटचा तुकडा कच्चा. गाडी गचके खाते. पाठीचं दुखणं असेल तर उशी बरोबर असू द्या.

त्या शेवटच्या तुकड्यात दोन्ही बाजूंना मिठाचे पांढरे पट्टे दिसायला लागले आणि दादूस गाडीत सरळ होऊन बसला. "बाय, ही तं मिठागरां," म्हणाला. कोपरीपासून भांडुप-मुलुंडपर्यंतची मिठागरं बघत आम्ही मोठे झालो, त्यामुळे ते ओळखायला त्याला कुणी सांगावं लागलं नाही. इथली मात्र आपोआप तयार होतात. भरतीचं पाणी सपाट जमिनीवर चढतं, उतरताना मागे राहतं आणि उन्हानं सुकतं. पुढे खाडी लागली तेव्हा काठाला तिवरं. वाळवंटात तिवरं! खुजी, गुडघा-कमरेएवढी, पण तिवरंच. वहिनी खाली उतरून पानाला हात लावून आली.

तळ म्हणजे काठावर प्लायवूडच्या छोट्या खोल्या, एक मोठी जेवणाची खोली आणि बाहेर सोलरच्या पाट्या. वीज रात्री थोडा वेळ. संडास कोरडे, बाहेर. अंघोळीला उन्हात तापवलेलं पाणी बादलीत मिळतं. जाहिरातीत "गरम पाण्याचे शॉवर" लिहिलं होतं, ते नाहीत. मला बादलीचं वाईट वाटलं नाही, वाळवंटात पाणी टँकरनं आणावं लागतं हे कळतं. पण लिहिताना खरं लिहायला काय जातं? रात्री थंडी सडकून पडते आणि पहाटे दवानं सगळं ओलं होतं. स्वेटर, कानटोपी, हातमोजे घ्या. ठाण्याच्या हिवाळ्याचा अंदाज धरून जाऊ नका.

जेवण उत्तम. मोठ्या शिंपल्यांचं मांस लिंबू पिळून, तळलेला मासा मक्याच्या पोळीत, राजम्यासारख्या घेवड्याची उसळ. स्वयंपाकघरातल्या बायका त्याच गावच्या मच्छीमारांच्या घरच्या. वहिनीनं ठाण्याहून नेलेला मसाला त्यांना चाखायला दिला तर एकीनं तो दुसऱ्या दिवशी माशाला लावून तळला. शाकाहारी माणसांची सोय भात, घेवडा, भाजी, चीज अशी होते, उपाशी राहणार नाही. पण आधी कळवा.

आता होडी. तिकडे तिला पांगा म्हणतात. फायबरची, बावीस-चोवीस फुटांची, उघडी, मागे एक मशीन. जेट्टी नाही. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालून कडेवरून आत चढावं लागतं. सफर विकणाऱ्यानं "धक्क्यावरून सहज चढता येते" असं सांगितलं होतं. आमच्याबरोबरच्या एका वयस्कर बाईंचे गुडघे बदललेले होते, त्या रडकुंडीला आल्या. तळावरच्या दोघा पोरांनी खुर्ची पाण्यात ठेवून त्यांना उचलून आत घेतलं. गुडघ्याचा त्रास असेल तर बुकिंगच्या वेळीच विचारा आणि तळावर पोचल्यावर पुन्हा सांगा. ती माणसं सोय करतात.

नाखवा पन्नाशीचा होता. उन्हाळ्यात तो मासे आणि शेवंडं मारतो, हिवाळ्यात देवमासे दाखवतो. इंग्रजी चार शब्द. दादूसला इंग्रजी येत नाही, स्पॅनिश येत नाही. चढताक्षणी दादूसनं मशीनकडे बोट केलं, नाखव्यानं ते किती घोड्यांचं (हॉर्सपॉवरचं) आहे ते बोटांनी दाखवलं, मग दोघांनी मिळून दोर कसा गुंडाळलाय ते बघितलं आणि माना डोलावल्या. पुढचे दोन दिवस त्यांचं तसंच चाललं.

देवमासे बघायचं क्षेत्र खाडीच्या तोंडाकडच्या भागात ठरवून दिलेलं आहे. एका वेळी त्यात 16 होड्यांनाच परवानगी, एका होडीला दीड तास. बाकीच्या बाहेर थांबतात आणि वायरलेसवरून नंबर आला की आत जातात. एका माशाजवळ दोनच्या वर होड्या नाहीत. हे नियम कागदावरचे नाहीत, आमच्या डोळ्यांदेखत एक होडी जास्त जवळ आली तर आमच्या नाखव्यानं वायरलेसवर तिला मागे घ्यायला लावलं.

पहिल्या सकाळी पाणी शांत होतं. क्षेत्रात शिरल्यावर नाखव्यानं मशीन अगदी मंद केलं. सगळे फवारे शोधत लांब बघत होते. दादूस लांब बघतच नव्हता. तो होडीच्या शेजारच्या पाण्याकडे बघत बसला होता आणि एकदम म्हणाला, "बग, पानी फिरला." मी वळले. बारीक लाटांच्या मधे एक गोल, गुळगुळीत चकती उमटली होती, तेल सांडल्यासारखी. मग तिच्या पुढे दुसरी. मग तिसरी. नाखव्यानं दादूसकडे बघितलं, हसला आणि होडी तशीच राहू दिली. देवमासा पाण्याखालून पोहतो तेव्हा शेपटीच्या प्रत्येक फटक्यानं खालचं पाणी वर ढकललं जातं, ते वर पसरतं आणि तेवढ्या जागेतल्या लाटा मोडून टाकतं. खाडीत बोय मासळीचा थवा असाच ओळखायचा, असं दादूस नंतर म्हणाला, फक्त चकत्या लहान.

चौथ्या चकतीच्या जागी पाठ वर आली. राखाडी, पांढऱ्या ठिपक्यांची. या माशाला पाठीवर पर नसतो, शेपटीकडे नुसत्या गाठींची एक ओळ असते. फवारा उडाला तो दोन नाकपुड्यांमधून, आणि समोरून अगदी पिंपळाच्या पानासारखा दिसला. बाजूला लगेच दुसरा, छोटा. पिल्लू.

मला वाटलं नाखवा आता मशीन वाढवून जवळ नेणार. त्यानं तसं काही केलं नाही. मशीन मंद चालू ठेवून हात मांडीवर ठेवून बसला. आमच्या गाडीतल्या एकानं इशाऱ्यानं पुढे चला म्हटलं तर नाखव्यानं नुसती मान हलवली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. आणि मग आईच वळली. पिल्लाला अंगावर घेतल्यासारखं खालून उचलत ती सरळ आमच्या होडीकडे आली. माझ्या हाताखाली पाणी हिरवट-काळं होतं, त्यात काहीतरी पांढरं हळूहळू वर यायला लागलं, आणि पिल्लाचं नाकाड पाण्याबाहेर आलं.

ते अजून कोवळं होतं. जन्मतः ही पिल्लं साडेचार मीटरच्या आसपास आणि जवळजवळ टनभर वजनाची असतात, तरी ते कोवळं होतं हे बघताक्षणी कळलं. नाकाडावर बारीक खळ्या आणि प्रत्येक खळीत एकेक राठ केस. मी हात लावला. माकूल सोलल्यावर हाताला लागतं ना, घट्ट आणि निसरडं, अगदी तसं. त्याखाली चरबीचा मऊपणा. आईच्या अंगावर मात्र खडबडीत कवचं चिकटलेली, होडी किनाऱ्याला ओढून तळ खरवडताना निघतात तसली, आणि कवचांच्या मधे नारिंगी रंगाच्या बारीक उवा. पिल्लानं श्वास सोडला तो माझ्या तोंडावर. ओला, कोमट, सुकती झाल्यावर गाळाचा येतो तसला वास. वहिनीनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा हात पुढे केला.

मग आईनं कूस बदलली आणि डोळा वर आला. माणसाच्या मुठीएवढा असेल, काळपट तपकिरी. ती पाण्याखालून आमच्याकडे बघत होती. कितीतरी वेळ. दादूसनं तिला हात लावला नाही. दोन्ही हात जोडले आणि तसाच बसला.

आपण याला देवमासा म्हणतो. ज्यांनी या खाड्यांत याची शिकार केली त्यांनी याच जातीला सैतान मासा म्हटलं. 1857 च्या हिवाळ्यात चार्ल्स स्कॅमन नावाचा अमेरिकी कप्तान शेजारच्या ओहो दे लिएब्रे खाडीत शिरला. माद्या पिल्लं घालायला उथळ पाण्यात येतात, तिथेच त्यांना गाठायचं. पिल्लू संकटात दिसलं की आई होडीवर धावून जायची आणि होडी फोडायची, म्हणून सैतान. काही वर्षांत सान इग्नासिओचीही तीच गत झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात संपल्यात जमा होती. आंतरराष्ट्रीय बंदी आली, मेक्सिकोनं खाड्या राखीव केल्या, 1988 मध्ये हा सगळा विस्काइनो भाग जैविक राखीव क्षेत्र झाला, 1993 मध्ये युनेस्कोच्या यादीत आला.

इथल्या मच्छीमारांनाही या माशाची भीती होती. होडीजवळ येऊ नये म्हणून ते लाकूड आपटून आवाज करायचे. 1972 मध्ये पाचिको मायोरल नावाच्या एका मच्छीमाराच्या होडीला एक मोठी मादी येऊन खेटली, गेली नाही, आणि शेवटी त्यानं हात खाली घालून तिला स्पर्श केला. तिथून हे सगळं सुरू झालं. तळावर जेवणाच्या खोलीत ही गोष्ट कुणीतरी सांगतंच, आणि सांगताना आवाज उतरतो.

मला सगळ्यात जास्त भिडली ती मिठाची गोष्ट. ओहो दे लिएब्रेच्या काठावर जगातलं सर्वात मोठं मिठागर आहे. त्याच कंपनीला, जिच्यात मेक्सिको सरकार आणि जपानची मित्सुबिशी भागीदार होते, सान इग्नासिओच्या काठावरही प्रचंड मिठागर उभारायचं होतं. कित्येक वर्षं विरोध झाला, मच्छीमार, शास्त्रज्ञ, जगभरचे लोक. मार्च 2000 मध्ये मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो सेदियो यांनी प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. खाडी आहे तशी राहिली. दादूसनं हे मुलाकडून दोनदा विचारून घेतलं. "म्हंजे थांबला? खरंच थांबला?" आमच्या खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचं नाव 2015 मध्ये मिळालं, 2022 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाली, ऐरोलीहून भरतीची वेळ बघून होडी सुटते आणि गुलाबी पक्षी दिसतात, त्याचा मला आनंदच आहे. पण तिथल्या पाण्यात दादूस जाळं टाकत नाही. सान इग्नासिओत नाखव्याचा मुलगा अजून टाकतो.

तिथेही सगळं ठीक नाही. हे मासे उन्हाळ्यात पार उत्तरेला, अलास्काच्या पलीकडच्या थंड समुद्रात चरतात. समुद्राच्या तळाशी कुशीवर पडून गाळ तोंडात ओढायचा आणि त्यातले कोळंबीसारखे बारीक जीव गाळून खायचे. मग हजारो किलोमीटर पोहून इथे यायचं, आणि इथे असेपर्यंत जवळजवळ उपाशी, त्यात पिल्लाला दूध पाजायचं. उत्तरेतला बर्फ आणि तिथलं अन्न बदललं तसे ते हडकुळे होऊन यायला लागले. 2016 च्या सुमाराला ते 27,000 च्या आसपास होते, 2023 पर्यंत साडेचौदा हजारांवर आले. नाखव्यानं बोटांनी दाखवलं, पूर्वी एवढी पिल्लं, आता एवढी. त्यानं बोट आडवं धरून माशाची पाठ दाखवली आणि मानेमागे खळगा करून दाखवला. चरबी संपली की तिथे खड्डा पडतो. दुसऱ्या दिवशी आम्हाला तसा एक मासा दिसला, एकटा, होडीपासून लांब. नाखव्यानं होडी त्याच्याकडे वळवली नाही.

आता तक्रार, कारण पैसे आम्ही मोजले आहेत. जाहिरातीत "दहा जणांचा छोटा गट" होता. सॅन डिएगोत गाडीत बसलो तेव्हा तेरा जण. होडीत तळवाल्यांनी सात आणि सहा असे वाटले म्हणून निभावलं. दहा जणांच्या होडीत मासा एका बाजूला आला की चौघांना काही दिसत नाही आणि सगळे एकाच कडेला झुकतात, जे धोक्याचं आहे. दुसरं, चार फेऱ्या कबूल केल्या होत्या. पहिल्या दिवशी दुपारी वायव्येचा वारा उठला, खाडी पांढरी झाली आणि फेरी रद्द. ते योग्यच होतं, दादूस तर आधीच म्हणाला होता की आता होडी घालायची नाही. पण वाऱ्यानं फेरी रद्द झाली तर काय, हे कागदावर कुठेही नव्हतं. तळवाल्यांनी त्या फेरीचे त्यांच्या वाट्याचे पैसे न मागता प्रत्येकाच्या हातात आणून दिले. कंपनीनं तिचा वाटा परत केला नाही, तीन मेल लिहून झाले, उत्तर एकच की वारा आमच्या हातात नाही. वारा कुणाच्याच हातात नसतो, म्हणून तर आधी लिहायचं असतं.

पुन्हा जायची वेळ आली तर मी मधली कंपनी घेणार नाही. मुलानं गाडी चालवली, वाटेत दोन मुक्काम केले आणि तळावर थेट बुकिंग केलं तर भागतं. तळ निवडताना एवढंच विचारा: होड्या कुणाच्या आहेत, चालवणारे याच खाडीवर राहतात का, एका होडीत किती माणसं घेणार. आणि फेऱ्या सकाळच्या मागा. सकाळी वारा पडलेला असतो, दुपारी उठतो, आपल्याकडे मतलई गेल्यावर खारा वारा येतो तसंच.

कागदपत्रांचं म्हणाल तर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण हद्दीवर पर्यटक परवाना भरून शिक्का घ्यावा लागतो. तो न घेता पुढे गेलात तर वाटेतल्या तपासणी नाक्यावर अडचण होईल. अमेरिकेत परत यायचंय, त्यामुळे तो व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना, हे ठाण्यातूनच तपासून निघा. रोख पेसो ठेवा, खाडीवर कार्ड चालेल या भरवशावर राहू नका. फोनला रेंज नाही. उलटीची गोळी एक घेऊन ठेवा, आम्हाला लागली नाही.

कॅमेऱ्याबद्दल एक सांगते. सून पहिल्या फेरीत सगळा वेळ फोन धरून होती. पिल्लू आलं तेव्हा तिच्या एका हातात फोन, आणि ओल्या हातातून तो निसटता निसटता वाचला. दुसऱ्या दिवशी तिनं फोन माझ्या पिशवीत टाकला आणि दोन्ही हात पाण्यात घातले. फोन नेणार असाल तर गळ्यात दोरी बांधून न्या.

परत आल्यावर कोळीवाड्यात सगळे विचारायला आले. दादूस फार बोलत नाही, पण त्यानं शेजारच्या पोरांना अंगणात बसवून पाण्यावरच्या चकत्यांचं सांगितलं, ताटात पाणी घेऊन, खालून हात हलवून दाखवत. पोरं आता रोज संध्याकाळी बंदरावर जाऊन बोयांच्या चकत्या शोधतात.

होडीत बसताना नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची फळी मागा. मशीनचा धूर तिथपर्यंत येत नाही, आणि पिल्लाची आई येते तेव्हा बहुतेक वेळा पुढूनच येते.